धबधब्यापाशी थांबायचे कुठे?

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीचे कडे चढणाऱ्या तरुणांच्या साहसांचे कौतुक सर्वत्र होते. ते व्हावेही. परंतु ज्यांचे गुडघे झिजले आहेत, ज्यांच्या कडेवर तान्हे मूल आहे, ज्यांना आठवड्यातून एकच सुटी मिळते, अशांच्या वाट्याला हे जलवैभव यायचे कसे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. सुदैवाने निसर्गाने तो केलेला आहे. आंबोलीचा धबधबा रस्त्याच्या कडेलाच कोसळतो. साताऱ्याजवळचे ठोसेघर कठड्याआडून डोळे भरून पाहता येते. दूधसागर तर आगगाडीच्या खिडकीशी येऊन भेटतो. (तेथे रुळांवरून चालत जाणाऱ्या हौशी मंडळींना २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढावयास लावल्या, हा भाग वेगळा!)

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतून चिपळूणकडे निघाले की महामार्ग परशुराम घाटात उतरतो. त्या परिसरातला सवतसडा याच जातीचा. दोन सवती एकमेकींच्या मत्सरापायी कड्यावरून खाली गेल्या, अशी त्याची कथा सांगतात. नावातला ‘सडा’ मात्र कोकणी माणसाला जांभ्याच्या माळाची आठवण करून देतो. असा सडा पावसाचे पाणी पोटात मुरवतो आणि मग कड्यावरून सावकाश सोडून देतो. लोट्याचे कामगार, एस. टी.चे उतारू, परशुरामाच्या दर्शनाला आलेले वृद्ध, या सर्वांचा हा धबधबा आहे.

गेल्या श्रावणात आमच्या एका वृद्ध आत्याबाईंना घेऊन आम्ही त्या रस्त्याने गेलो. माहेरी जाताना एस. टी.च्या खिडकीतून पाहिलेला सवतसडा त्यांना पुन्हा एकदा पाहावयाचा होता. मागे मालमोटारींची रांग, पुढे धुके. चालकाला गाडी थांबविण्याचे धाडस झाले नाही आणि ते योग्यच होते. ‘आला का रे?’ असे आत्याबाईंनी विचारले, तेव्हा तो मागे पडला होता.

महामार्गाचे चौपदरीकरण आम्हाला नको आहे, असे नाही. घाटाची अवघड वळणे ज्यांनी अनुभवली आहेत, ते तसे म्हणणार नाहीत. पण डोंगर कापताना वाहनाच्या वेगाचा जेवढा हिशेब होतो, तेवढा त्यातील माणसाचा होत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण पुरात बुडाले, त्याच सुमारास परशुराम घाटात दरडी कोसळल्या. पायथ्याच्या पेढे गावाने त्याची किंमत मोजली. तेव्हा घाटात थांबण्याची जागा म्हणजे वळणावर चहाची टपरी नव्हे, हे उघड आहे. ती दरडीपासून दूर, रस्त्याच्या प्रवाहाबाहेर, कठडा आणि बाकडी असलेली आणि चाकाची खुर्ची नेता येईल अशी हवी.

अशा सोयींनी गर्दी वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. गर्दी आजही होते. फक्त ती निसरड्या दगडावर उभी राहते. लोणावळ्याच्या भुशी धरणापाशी २०२४ च्या ३० जूनला एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर मनाईहुकूम निघाले. पाण्याच्या पात्रात उतरण्यास मनाई हवीच, आणि ती कडकपणे अमलात यावी. पण दूरवरून पाहण्याची सुरक्षित जागा न देता केवळ फलक लावणे, हे शासनाच्या दृष्टीने सोपे एवढेच त्याचे समर्थन होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. वरच्या सड्यांवरून उतरणारे पाणी अखेर खाडीलाच मिळते. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतली मासळी मरते, ही खाडीकाठच्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात लोट्याच्या प्रदूषणाची दखल घेतली होती. धबधब्याला पर्यटनस्थळ म्हणताना त्याच खोऱ्यातल्या खाडीला गटार मानता येणार नाही.

पावसाळ्यानंतर घाटातील दुरुस्त्यांची अंदाजपत्रके तयार होतील. संरक्षक भिंतींच्या खर्चाशेजारी एका प्रेक्षण-कट्ट्याची रक्कमही लोकप्रतिनिधींनी मागून घ्यावी. आत्याबाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत.