पालकांशी हितगुज : तिचे पत्र तिनेच लिहावे



गेल्या महिन्यात आपल्या एका जुन्या वाचकांचे पत्र आले. त्यांची कन्या अमेरिकेत टेक्सास राज्यात असते. नातू नववीत आहे, फुटबॉल उत्तम खेळतो, आणि 'महाविद्यालयाच्या संघात निवड होईल अशी व्यवस्था करतो' असे म्हणणाऱ्या एका संस्थेने जावयांकडे मोठी रक्कम मागितली आहे. ''आपण व्यापारी माणसे, दलाली आपणांस नवी नाही. परंतु या दलालीत माल कोणता आणि गिऱ्हाईक कोण, हेच उमजत नाही,'' असे त्यांनी लिहिले आहे. आपणांपैकी अनेकांची मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. शिवाय हा प्रसंग माझ्या सख्ख्या भावाच्या घरी घडून गेला आहे. म्हणून या वेळचे हितगुज याच विषयावर.

आपल्याकडे खेळ आणि शिक्षण यांची वाट दहावीनंतर बहुधा वेगळी होते. अमेरिकेत तसे नाही. तेथे फुटबॉलला सॉकर म्हणतात, आणि महाविद्यालयांचे संघ हा तेथील समाजजीवनाचा मोठा भाग आहे. एनसीएए या नियामक संस्थेत महाविद्यालयांचे तीन विभाग आहेत. पहिल्या विभागात पुरुषांचे दोनशेच्या आसपास आणि महिलांचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच दिली जात नाही. तरीही एकट्या त्या विभागात पुरुषांचे चारशेहून अधिक संघ आहेत. याखेरीज एनएआयए आणि दोन वर्षांच्या महाविद्यालयांची एनजेसीएए या संघटना निराळ्या. इतकी दारे असूनही शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी दहाही जण एनसीएएच्या संघांपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून प्रश्न पडतो : प्रशिक्षकांची नजर आपल्या मुलावर पडावी कशी?

माझे धाकटे बंधू न्यू जर्सीत राहतात. 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे होतो. पुतणीची दहावी नुकतीच संपली होती. ती डाव्या बाजूची बचावपटू. त्या घरी दिनदर्शिकेत 15 जून या तारखेभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ काढलेले होते. पहिल्या विभागाचे प्रशिक्षक दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपासूनच खेळाडूशी निवडीविषयी पत्राने वा फोनने बोलू शकतात, असा नियम आहे. मूल त्याआधी कितीही वेळा लिहू शकते, पण उत्तर येत नाही. महाविद्यालयाने योजलेली भेट तर 1 ऑगस्टनंतरच. तो दिवस उजाडला. भावाने कामावरून सुटी घेतली. फोन जेवणाच्या मेजावर ठेवला गेला. दिवसभर कोणाचाही निरोप आला नाही. रात्री फोन वाजला तेव्हा सारे घर धावले. तो लातूरहून माझ्या चिरंजीवांचा होता, तुरीचा भाव सांगणारा. पुतणी त्या रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी भावाला म्हणालो, ''पाठविलेली पत्रे दाखव.'' बारा पत्रे होती. बाराही नामांकित विद्यापीठांना, आणि बाराही वडिलांनी लिहून खाली मुलीचे नाव घातलेले. एक नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला होते. तेथील महिला संघाने अॅन्सन डोरन्स या प्रशिक्षकांच्या हाताखाली एनसीएएची 21 विजेतेपदे मिळविली, आणि मिया हॅमसारखी खेळाडू तेथेच घडली. अशा संघापुढे देशभरातील उत्तमोत्तम मुलींची रांग असते. पत्रांत काय होते? ''आमची कन्या अत्यंत मेहनती, जिद्दी व गुणी आहे.'' बस. ती कोणत्या जागी खेळते, शाळा कोणत्या वर्षी संपणार, पुढचा सामना कोठे आहे, यांपैकी एक अक्षर नाही. मी इतकेच म्हणालो, ''नमुना नाही, भाव नाही, गावाचे नाव नाही. अशा चिठ्ठीवर आपण तरी एक पोते उचलले असते का?''

मग मी पुतणीला विचारले, ''तू स्वतः का लिहिले नाहीस?'' ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, ''काका, आजी म्हणायची, आपली स्तुती आपण करू नये. मी चांगली आहे असं मीच कसं लिहू?''

वाचकहो, त्या उत्तराने मी निरुत्तर झालो, कारण ती शिकवण आमच्या मातोश्रींची आणि मलाही तीच मिळालेली. पुष्कळ विचार करून मी तिला सांगितले : ''माल उत्तम आहे असे ओरडणे ही बढाई. पोत्याचे वजन, धान्यातील ओलावा आणि ते कोणत्या गावचे, हे सांगणे ही माहिती. आजीने बढाईला मनाई केली होती, माहितीला नव्हे. निवड ज्याला करायची आहे त्याच्यापासून माहिती दडवून ठेवणे हा विनय नाही, ती त्याची गैरसोय आहे.'' तिला ते पटले. त्या उन्हाळ्यात तिने जे केले ते क्रमाने सांगतो, कारण टेक्सासच्या नातवालाही तेच करावे लागणार आहे.

प्रथम तिने यादी बदलली. आपला खेळ, आपले गुण आणि घरची ऐपत पाहून सुमारे तीस महाविद्यालये निवडली. काही आवाक्याबाहेरची, बरीचशी आवाक्यातली, काही खात्रीची. नाव मोठे म्हणजेच संघ मोठा असेही नाही. पुढे 2024 च्या डिसेंबरमध्ये व्हरमाँट या छोट्या राज्याच्या विद्यापीठाने, मानांकन नसताना, पुरुषांच्या पहिल्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. पेनसिल्व्हानियातील मसाया या लहानशा संस्थेच्या पुरुष संघाकडे तिसऱ्या विभागाची दहाहून अधिक विजेतेपदे आहेत.

मग पत्र. ते तिने स्वतः, दहा-बारा ओळींत लिहिले. विषयाच्या ओळीतच नाव, शाळा संपण्याचे वर्ष आणि खेळण्याची जागा. आत क्लबचे नाव, अंगरख्याचा क्रमांक, परीक्षेतील गुण, पुढील तीन सामन्यांची तारीख, वेळ व मैदान, आणि क्लबच्या प्रशिक्षकांचा संपर्क. त्या महाविद्यालयाविषयी एक खरे वाक्य. प्रत्येक पत्रात निराळे. प्रशिक्षकाला मूल हवे असते, मुलाचे वडील नव्हेत. वडिलांच्या हातचे पत्र तो दोन ओळींत ओळखतो.

सोबत चित्रफीत. चार मिनिटांची, संगीत नाही, सजावट नाही. सर्वांत चांगला प्रसंग सर्वांत आधी, कारण पाहणारा पहिल्या अर्ध्या मिनिटातच मन ठरवितो. प्रत्येक प्रसंगी चेंडू येण्यापूर्वी तिच्यावर एक बाण, म्हणजे बावीस जणींत ती कोणती हे शोधावे लागू नये. आणि ज्यांनी मागितले त्यांना संपूर्ण सामन्याची फीतही. मूठभर नमुना पाहून ज्याला गोडी वाटते, तो पोते उघडून पाहतोच. तेव्हा पोत्यात नमुन्यासारखेच धान्य असले पाहिजे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. बहुतेक राज्यांत शाळेचे सामने शरद ऋतूत होतात आणि महाविद्यालयांचा हंगामही नेमका तोच. त्यामुळे प्रशिक्षक आपल्या संघात गुंतलेले असतात; शाळेच्या मैदानावर ते क्वचितच येतात. त्यांची निवड मुख्यतः क्लबांच्या मोठ्या स्पर्धांतून होते, जेथे एका ठिकाणी दोन दिवसांत शेकडो खेळाडू पाहता येतात. एमएलएस नेक्स्ट, ईसीएनएल, गर्ल्स अकॅडमी ही त्यांतील ठळक नावे. ज्यांचा क्लब या साखळ्यांत नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयांच्या मैदानावर भरणारी शिबिरे असतात. पण सावध राहावे : शिबिराचे निमंत्रण म्हणजे निवड नव्हे. अशी निमंत्रणे पुष्कळांना जातात आणि शिबिराचे शुल्कही द्यावे लागते. ज्या प्रशिक्षकाने मुलाच्या खेळाविषयी नाव घेऊन काही लिहिले असेल, त्याच्याच शिबिराला जावे.

आता पालकांविषयी, कारण हे सदर पालकांचे आहे. माझे बंधू मैदानाच्या कडेला उभे राहून सतत सूचना देत असत. एका स्पर्धेत, शेजारी खुर्ची टाकून वही घेऊन बसलेले एक गृहस्थ काही वेळाने शांतपणे उठले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. ते प्रशिक्षक होते, हे मागाहून कळले. ते नापसंतीने गेले की उन्हामुळे, देव जाणे. पण त्या दिवसापासून भाऊ शेवटच्या रांगेत मुकाट बसू लागले. प्रशिक्षक केवळ पायातील कसब पाहत नाहीत. चेंडू गमावल्यावर मूल मागे धावते का, बाहेर बसविल्यावर तोंड वेडेवाकडे करते का, पंचांशी कसे बोलते, घरच्यांशी कसे वागते, हे सारे त्या वहीत उतरते.

तीस पत्रांना अकरा उत्तरे आली. त्यांतील बरीच तिसऱ्या विभागाची होती. त्या विभागाच्या प्रशिक्षकांवर पत्रव्यवहाराचे तारखेचे बंधन नसते. अकरावीच्या वसंतात पेनसिल्व्हानियातील एका लहान महाविद्यालयाच्या प्रशिक्षिका तिचे दोन सामने पाहून गेल्या. पुढे आम्हांला कळले की त्यांनी टिपले होते ते गोल नव्हे. संघ तीन गोलांनी मागे असताना शेवटच्या मिनिटालाही ती धावत होती, हे. त्यांनी जागा देऊ केली. खेळाची शिष्यवृत्ती नाही, पण गुणांवर व घरच्या उत्पन्नावर मिळणारे साहाय्य चांगले होते. तेथे जाऊन ती दोन दिवस राहिली, वर्गात बसली, भोजनगृहात आपल्याला चालेल असे जेवण मिळते का तेही पाहिले, आणि होकार दिला. तोंडी.

यानंतर पाच आठवड्यांनी पहिल्या विभागातील एका मोठ्या विद्यापीठाचा फोन आला. एका खेळाडूने ऐनवेळी नकार दिला होता. शिष्यवृत्ती नाही, परंतु संघात जागा. घरात वादळ उठले. भाऊ म्हणाले, ''तोंडी होकार येथे कोणालाच बांधून ठेवत नाही. उद्या त्यांनीही नकार दिला असता.'' हे खरे होते. असा होकार दोन्ही बाजूंनी केव्हाही मोडता येतो, आणि मोडलाही जातो. माझा सल्ला त्यांनी फोनवर विचारला. आमच्या आडतीत चिठ्ठीविना लाखोंचे व्यवहार शब्दावर झालेले मी पाहिले आहेत. पण मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. 'शब्द पाळ' असे येथे बसून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी एवढेच म्हणालो, ''तिलाच ठरवू द्या.''

तिने दोन दिवस घेतले. तेथील खेळाडू मुले एक प्रश्न स्वतःला विचारतात, तोच तिने विचारला : पहिल्याच आठवड्यात पाय मोडला आणि पुन्हा खेळता आले नाही, तरी मी या महाविद्यालयात आनंदाने शिकेन का? मोठ्या विद्यापीठाविषयी उत्तर 'नाही' आले, लहानाविषयी 'हो'. तिने मोठ्या विद्यापीठाला स्वतः फोन करून नम्रपणे नकार कळविला. वडिलांना म्हणाली, ''बाबा, मी हो म्हटलंय ना त्यांना.'' मला वाटते, आजीची खरी शिकवण ती हीच.

आता त्या संस्थेच्या मागणीविषयी. ती फार तर याद्या करील, पत्रे पाठवील, चित्रफीत जुळवील. ही कामे मुलाने स्वतः करण्यातच त्याचा लाभ आहे. जागा विकत देण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि तशी भाषा कोणी केलीच तर तेथून उठावे. 2019 साली अमेरिकेत असाच मोठा घोटाळा उघडकीस आला. येल विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांनी लाच घेतल्याचे न्यायालयात कबूल केले. मध्यस्थ रिक सिंगर याला साडेतीन वर्षांची कैद झाली. काही धनाढ्य पालकही तुरुंगात गेले.

शिष्यवृत्तीचा हिशेबही डोळसपणे करावा. पूर्वी पहिल्या विभागात पुरुष संघाला 9.9 आणि महिला संघाला 14 पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, व त्या अनेकांत विभागून दिल्या जात. 2025 च्या जूनमधील न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ही मर्यादा गेली, पण संघात 28 खेळाडूंचीच मर्यादा आली. त्यातच अन्य महाविद्यालयांतून बदली घेणारे अनुभवी खेळाडूही स्पर्धेत असतात. म्हणून अभ्यास हीच खरी शिष्यवृत्ती समजावी. पहिल्या विभागासाठी 16 मूलभूत विषय आणि त्यांत चारपैकी किमान 2.3 गुणांक आवश्यक आहे. त्यांतील दहा विषय बारावीपूर्वी पूर्ण व्हावे लागतात. नववीतल्या नातवाने आजच ते मोजून घ्यावे.

पुतणी यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या हंगामात ती बहुतेक सामने बाकावर बसूनच होती. या हंगामात एका सामन्यात पूर्ण नव्वद मिनिटे खेळली. संघ हरला. तरी रात्री तिचा फोन आला, आणि या वेळी तो तिनेच लावलेला होता. ''काका,'' ती म्हणाली, ''शेवटपर्यंत धावले.''

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझे इतकेच सांगणे : ती रक्कम नातवाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवावी, त्याला कागद-लेखणी द्यावी, आणि पहिले पत्र त्याचे त्यालाच लिहू द्यावे. चुकले तरी चालेल. पुढच्या पत्रात सुधारेल.