शेजाऱ्याच्या मुलाचे काय?

गेल्या आठवड्यात बेळगावचे एक परिचित गृहस्थ आमच्या भेटीस आले होते. वय चाळिशीच्या आसपास, गावात किराणा मालाचे छोटे दुकान, घरी वृद्ध आई, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. आदल्या रात्री ते गोव्यात नव्यानेच उघडलेल्या एका कॅसिनोत आयुष्यात प्रथमच गेले होते. जुगार त्यांना अगदीच अपरिचित होता असे नव्हे. मोबाईलवर पैसे लावून चाके फिरवण्याचा नाद त्यांना पूर्वीपासून होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, तेव्हा आता हा नाद सुटेल असे घरच्यांना वाटले होते. नाद सुटला नाही. त्याने केवळ घाट उतरला.

पाच हजार रुपये घेऊन ते स्लॉट मशीनपुढे बसले. ते संपल्यावर आणखी दहा हजार काढले आणि तेही गेले. तास झाला असेल अशा समजुतीने ते उठले, तेव्हा बाहेर मध्यरात्र उलटून गेली होती. आत घड्याळ नव्हते, खिडकी नव्हती. खाणेपिणे मात्र न मागता हातात येत होते. हे सर्व त्यांनी काहीशा ओशाळलेपणाने सांगितले आणि मग एकाएकी डोळ्यांत चमक आणून ते म्हणाले, “पण साहेब, एकदा अगदी एका घराने हुकले हो! तिसरे चित्र जरा खाली थांबले असते तर सगळे भरून निघाले असते.”

आम्हाला अस्वस्थ केले ते पंधरा हजारांच्या नुकसानीने नव्हे, या वाक्याने. कारण हे वाक्य वस्तुतः त्या गृहस्थांचे नाही. ते त्यांच्याकडून वदवून घेण्यासाठीच ते यंत्र घडवलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे या कारागिराने तीन चाकांचे जे यंत्र बनवले, त्याच्या प्रत्येक चाकावर दहा चित्रे होती. एकूण एक हजार जुळण्या. खेळणाऱ्याला हिशोब करायचा असेल तर करता येत होता. पुढे १९८४ साली अमेरिकेत इंगे टेल्नेस यांना एका युक्तीचे पेटंट मिळाले आणि तो हिशोब खेळणाऱ्याच्या डोळ्यांआड गेला. आता निकाल चाके ठरवीत नाहीत. कळ दाबताक्षणी यंत्राच्या पोटातील संगणक एक संख्या काढतो, निकाल तेथेच लागतो आणि चाकांचे फिरणे हा त्यानंतरचा देखावा असतो. दर्शनी चाकावर प्रत्येक चित्राला सारखीच जागा दिसते. आतल्या हिशोबात मात्र मोठ्या बक्षिसाच्या चित्राच्या वाट्याला थोड्या संख्या आणि त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या घरांच्या वाट्याला पुष्कळ संख्या देता येतात. म्हणून बक्षीस वारंवार ‘एका घराने’ हुकते. ते हुकणे नशिबाचे नसून आखणीचे असते.

दुसरी गंमत आणखी वेगळी. वीस रुपये लावले आणि आठ परत आले तरी दिवे लागतात, घंटा वाजतात, जणू काही खेळणारा जिंकलाच! बारा रुपये गेले हे सांगणारा आवाज त्या यंत्रात नसतो.

आता साधे अंकगणित पाहू. समजा, एखादे यंत्र लावलेल्या शंभर रुपयांपैकी सरासरी ब्याण्णव परत देते. ऐकणाऱ्यास हा व्यवहार मोठा सचोटीचा वाटेल. परंतु दर खेपेस वीस रुपये आणि मिनिटाला दहा खेपा या वेगाने तासात सहाशे खेपा होतात, म्हणजे बारा हजारांची उलाढाल होते. तिच्यावर शेकडा आठ म्हणजे नऊशे साठ रुपये दर तासाला यंत्राच्या पोटात राहणार. परत आलेला पैसा पुन्हा यंत्रातच घातला जातो, म्हणून शेकडा आठची ही गळती शेवटी शेकडा शंभरावर जाते. एखाद्या रात्री एखादा मनुष्य जिंकतो हे खरे. पण जो रोज बसेल त्याला हे गणित कधीही सोडत नाही.

जुगार ही काही नवी गोष्ट नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तात फाशांनी नागवलेला जुगारी आपल्या पत्नीचे आणि आईचे दुःख सांगतो, आणि शेवटी त्याला फासे टाकून शेतीकडे वळण्याचा उपदेश मिळतो. धर्मराजाने राज्य आणि पत्नी पणाला लावली ती कथा तर घराघरात ठाऊक आहे. आमच्या जत्रांतही देवळाच्या आवाराबाहेर पट मांडले जात आले आहेत. परंतु जत्रेतील पट रात्रीपुरता असे, फासे डोळ्यांना दिसत आणि समोर माणूस बसलेला असे. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस न थकता बसणारा आणि आपली चाल कधीच न दाखवणारा शकुनी मात्र आमच्या काळाने निर्माण केला, आणि त्याला परवाना सरकारने दिला.

तो परवाना कसा आला हेही विसरता कामा नये. १९७६ चा गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा मुळात जुगारास प्रतिबंध करण्यासाठी झाला. १९९२ साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट मिळाली, आणि १९९६ साली जहाजांवर टेबलांवरील खेळांना. पुढे मांडवीच्या पात्रात ही जहाजे येऊन ठाकली. महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कॅसिनोंसाठी कायदा केला होता. पण तो कधी अमलात आणला नाही आणि अखेर २०२३ साली रद्द केला. शेजाऱ्याने दार लावून घेतले, तेव्हा त्याच्या घरातील नादिष्टांची वाट साहजिकच आमच्याकडे वळते.

याहून बोलका आहे तो आमच्याच सरकारचा निर्णय. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळण्यास मनाई झाली. हा निर्णय योग्य होता. परंतु त्याचा अर्थ काय? ही गोष्ट घर बुडवणारी आहे, हे सरकारला ठाऊक आहे. ठाऊक नसते तर आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवण्याचे कारणच नव्हते. मग जे आमच्या मुलास विष, ते बेळगावच्या, कोल्हापूरच्या, सावंतवाडीच्या मुलास अमृत कसे ठरते? ज्यांच्याशी आमची सोयरीक आहे, ज्यांच्याशी आम्ही एकाच भाषेत बोलतो, त्यांच्या घरातील पैसा आमच्या तिजोरीत येताना त्याला कोणता वास येत नाही?

कॅसिनोंवर हजारो कुटुंबांची चूल पेटते, सरकारला महसूल मिळतो, आणि ते एका रात्रीत बंद केले तर मटक्यासारखा चोरटा जुगार फोफावेल, असा युक्तिवाद होतो. तो सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. या धंद्यावरील अठ्ठावीस टक्के जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरपासून चाळीस टक्के झाला. मात्र कर वाढला म्हणून खेळणाऱ्याचे संरक्षण वाढत नाही. उलट, २०२० मध्ये गेमिंग आयुक्ताचे काम वाणिज्य कर आयुक्तांकडेच सोपवण्यात आले. ज्याने वसुली पाहावयाची, त्यानेच वेसणही घालावयाची, ही व्यवस्था आम्हाला पटत नाही.

तेव्हा जोवर हा धंदा चालू आहे, तोवर काही गोष्टी सरकारने ताबडतोब कराव्यात. प्रत्येक यंत्रावर ते शंभरातले सरासरी किती परत देते हे मराठी, कोंकणी, कन्नड आणि हिंदीत ठळकपणे लिहिले जावे. प्रत्येक दालनात घड्याळ असावे. किती रक्कम हरल्यावर थांबायचे, हे खेळणाऱ्याकडून आत शिरतानाच लिहून घ्यावे आणि ती मर्यादा यंत्राने पाळावी. ‘मला आत घेऊ नका’ असे जो स्वतः, किंवा ज्याचे कुटुंब, लिहून देईल त्याला प्रत्येक कॅसिनोचे दार बंद व्हावे. आणि देखरेख महसुलाशी संबंध नसलेल्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे असावी. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही. त्यामुळे कोणाचा धंदा बुडत असेल, तर तो धंदा कशावर उभा होता हे तरी निदान उघड होईल.

ते गृहस्थ निघाले तेव्हा आम्ही त्यांना हे सारे गणित कागदावर मांडून दाखवले. त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या महिन्यात माल घेण्यासाठी पुन्हा इकडे यायचे आहे, असे सहज बोलून गेले. आमच्या कागदाची शक्ती तेवढीच आहे. कायद्याची शक्ती याहून मोठी असते. ती वापरण्याची इच्छा सरकारला आहे काय, एवढाच प्रश्न आहे.