पिंपात बुडालेली नळी आणि शेजाऱ्याची घागर

अमरावती काय किंवा अकोला काय, नळाला चोवीस तास पाणी नाही हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. अमरावतीला अप्पर वर्धा धरणातून आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येते. पण ते रोज येत नाही आणि आले तरी ठरावीक वेळच राहते. या टंचाईबद्दल आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, आणि ते योग्यच आहे. मात्र पाणी बंद झाल्यावर त्याच नळात काय घडते, याचा विचार आपल्या कारागीर बंधूंनी आणि त्यांना काम देणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

गल्लीतल्या रंगकामाचेच उदाहरण घ्या. कारागीर तोटीला रबरी नळी लावतो, तिचे दुसरे टोक पिंपाच्या तळाशी सोडतो आणि तोटी उघडी ठेवून पाण्याची वाट पाहतो. पाणी येते, पिंप भरते. मग त्यात रंग पडतो, कॉस्टिक पडते, हायड्रो पडते. नळी मात्र तशीच बुडालेली राहते. तेवढ्यात वरून पाणी बंद होते. मोठ्या पाइपातले उरलेसुरले पाणी उताराच्या मोहल्ल्याकडे ओसरते आणि मागे नळात पोकळी तयार होते. त्यात खालच्या गल्लीत कोणी नळाला थेट मोटार जोडली असेल तर ओढ आणखी वाढते. रॉकेलच्या पिंपात नळी घालून एकदा तोंडाने ओढले की तेल आपोआप वाहू लागते. येथेही तसेच होते. पिंपातले पाणी नळी चढून सरकारी पाइपात जाते आणि पुढच्या पाळीला पहिल्या धारेबरोबर शेजाऱ्याच्या घागरीत उतरते.

रंग असेल तर निदान डोळ्यांना दिसतो. कॉस्टिकला रंग नसतो आणि कावीळ, हगवण यांच्या जंतूंनाही नसतो. शिवाय ही गोष्ट एकट्या रंगाऱ्याची नाही. गाड्या धुण्याच्या जागी नळी चिखलात पडलेली असते. मशिदीच्या हौदात ती दिवसभर बुडालेली असते. आणि पारा ४५ अंशांपुढे गेला की वऱ्हाडात घरोघरी कूलरच्या टाकीत नळी सोडलेली असते. तेथे साचलेले पाणी आपण स्वतः कधी पिणार नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. १९६९ साली अमेरिकेत वूस्टर शहरातल्या होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ जवळजवळ सगळाच्या सगळा काविळीने आजारी पडला आणि त्या हंगामातले उरलेले सामने रद्द करावे लागले. तपासात कळले की जवळच आग लागली होती आणि ती विझवण्यासाठी पाणी ओढले गेल्याने नळाचा दाब उतरला. त्यामुळे मैदानाच्या नळाजवळ खड्ड्यात साचलेले घाण पाणी उलटे पाइपात शिरले. तेथे दाब उतरायला आग लागावी लागली. आपल्याकडे तो प्रत्येक पाळीनंतर उतरतो.

याचा उपाय अवघड नाही. समुद्रावर जाणाऱ्या ज्या बोटींचे इंजिन समुद्राच्याच पाण्याने थंड ठेवतात, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो. इंजिन बंद झाले की पाणी नळीतून ओढले जाऊन इंजिनात शिरते आणि हजारोंचे यंत्र निकामी होते. म्हणून नळी समुद्राच्या पातळीहून वर उचलून वळवतात आणि वळणाच्या माथ्यावर हवा आत घेणारी लहानशी झडप बसवतात. नुसते वळण पुरत नाही. मधे हवा शिरली की ओढ तुटते.

आपल्याला तर तेवढीही कारागिरी नको. नळीचे टोक पिंपाच्या काठाच्या वर बांधा. पाणी वरून पडू द्या. शास्त्राप्रमाणे हे अंतर नळाच्या तोंडाच्या दुप्पट आणि निदान एक इंच असावे; आपण वीतभर ठेवू, म्हणजे वाद नको. पाणी भरून झाले की तोटी बंद करा आणि नळी काढून टांगून ठेवा. मोटार लागतच असेल तर नळाचे पाणी आधी टाक्यात मोकळे पडू द्या आणि मोटार टाक्यावर लावा. पाणी मागे न सोडणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्हही बसवावा. पण त्यात कचरा अडकतो, वॉशर झिजतो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

कोणी म्हणेल, पाणी चोवीस तास सोडले तर हा प्रश्नच उरणार नाही. मग दोष आमचा कसा? मागणी रास्त आहे, ती सोडू नये. पण ती पूर्ण होईपर्यंत शेजारची मुले कोणते पाणी पिणार? साचलेल्या पाण्यात लघवी करण्यास पैगंबर (स.) यांनी मनाई केली आहे. पाण्याची एवढी कदर शिकवणाऱ्या दीनच्या माणसाने कॉस्टिकच्या पिंपात नळी बुडवून ठेवावी, हे शोभत नाही. नमाज-रोजा अल्लाहचा हक्क आहे, तर शेजाऱ्याचे स्वच्छ पाणी हुकूक-उल-इबादमध्ये येते, आणि बंद्याचा हक्क बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही.

आता थोडे आम्हा कापडवाल्यांविषयी. थान रंगायला देताना आम्ही रंगाचा पक्केपणा पाहतो, कट-पीस मोजतो, तारीख ठरवतो. कारागीर आमचे ऐकतो, कारण काम आमच्याकडून जाते. मग कारखान्यात गेल्यावर नळी कोठे आहे, एवढे पाहायला काय हरकत आहे? व्हॉल्व्हचा खर्च त्याला जड जात असेल तर तो मजुरीत धरून द्यावा. एका थानाच्या नफ्यापुढे तो किरकोळ आहे. मशिदीच्या कमिट्यांनी हौदाची नळी आधी वर बांधावी, म्हणजे मोहल्ल्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

पावसाळ्यात मोहल्ल्यात कावीळ पसरली की लोक आधी धरणाकडे आणि कचेरीकडे बोट दाखवतात. त्याआधी प्रत्येकाने आपापल्या पिंपात डोकावून पाहावे. आपल्या हलाल रोजीत शेजाऱ्याच्या मुलाचा आजार मिसळू नये, यासाठी वीतभर जागा सोडणे कोणालाही जड नाही.