पुराच्या बोटीचे तेल

गेल्या उन्हाळ्यात शिरोळ तालुक्यातील एका गावी कार्यकर्त्यांच्या बैठकीस जाण्याचा योग आला. बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. व्हरांड्याच्या एका टोकाला, ताडपत्रीखाली, पुरासाठी गावास मिळालेली बोट पालथी घालून ठेवलेली होती आणि तिचे इंजिन लाकडी घोडीवर टांगलेले होते. शेजारी तेलाचा एक कॅन होता व त्यावर मोटारसायकलचे ठसठशीत चित्र होते. बोटीची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्या तरुणास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "टू-टी ऑईलच हाय की काका. पंपावर हेच मिळतंय. बोटीचं म्हणून जे सांगत्यात ते लई महाग हाय."

त्या तरुणाला दोष देण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी एके काळी राजदूत, लूना किंवा चेतक होती त्या आपणा सर्वांची समजूत हीच आहे की, टू-टी म्हणजे टू-टी; पेट्रोलमध्ये ओतले की झाले. परंतु ही समजूत पुराच्या पाण्यात किती महाग पडू शकते, याचा विचार आपल्या चळवळीने केलेला नाही, आणि ज्यांनी तो करावयास हवा त्या शासकीय कचेऱ्यांत तो झाल्याचे दिसत नाही.

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फूट मानली जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि 2021 च्या जुलैमध्ये 56 फुटांच्या वर. 2005 चा पूर जुन्या लोकांच्या स्मरणात आहेच. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाभोवतीच्या गावांत गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसे पूर्वीपासून आहेत. पण वाहत्या महापुरात काहील चालत नाही, वल्हीही चालत नाहीत. तेथे इंजिनच लागते. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचे कारण तेल नव्हते. बोटीत तिला पेलतील त्याहून अधिक माणसे होती. परंतु पुरात गावाचा जीव एका बोटीवर कसा अवलंबून असतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. भरलेल्या बोटीचे इंजिन मधल्या धारेत बंद पडले तर बोट कोठे जाईल, हे नदीकाठच्या माणसास सांगावयास नको.

आता तेलाकडे वळू. साध्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. तेल पेट्रोलबरोबर आत जाते, पिस्टन व बेअरिंग यांना माखते आणि जळून जाते. जळताना ते मागे काय ठेवते, यावर सगळे अवलंबून आहे. मोटारसायकलचे इंजिन वाऱ्याने थंड होते, म्हणजे तसे गरमच राहते. ते स्वच्छ राहावे म्हणून त्याच्या तेलात धातूंचे क्षार असलेली रसायने घालतात. ती जळाली की राख उरते. रस्त्यावरच्या गाडीस ती फारशी बाधत नाही, कारण गाडी कधी हळू, कधी वेगात, कधी उतारावर अशी चालते. बोटीच्या मागे टांगलेले इंजिन मात्र नदीच्या पाण्याने थंड होते आणि पूर्ण फिरकीत, भरल्या ओझ्याने तासन् तास एकाच गतीत चालते. त्यात ती राख साचते, प्लग काळा पडतो, रिंगा खाचेत चिकटतात. साचलेली राख तापून लाल झाली म्हणजे ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. हे पहिल्या दिवशी घडत नाही. सरावाच्या अर्ध्या तासात इंजिन उत्तम चालते, फोटोही चांगले येतात. ते अडखळते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे पूर ऐन भरात असताना.

म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी राखविरहित तेलाची प्रत वेगळी ठरविलेली आहे. अमेरिकेतील बोटी व इंजिने बनविणाऱ्यांच्या संघटनेने ती ठरविली आणि आज जगभर ती टीसी-डब्ल्यू 3 या नावाने ओळखली जाते. तिच्यात गंज रोखणारे द्रव्यही असते. वर्षातील दहा-अकरा महिने घोडीवर टांगून राहणाऱ्या आपल्या इंजिनांना त्याची गरज अधिकच. मोटारसायकलच्या डब्यावर याऐवजी जासो एफसी, एफडी अशी अक्षरे असतात. तेही तेल चांगलेच, पण त्याच्या जागी. चार-स्ट्रोक गाडीचे किंवा डिझेल पंपाचे इंजिन ऑईल टू-स्ट्रोकमध्ये ओतणे हा तर गुन्हाच समजावा. आणि बाटलीतून मिळणारे सुटे तेल त्याच मालिकेतले. दिल्लीत 1998 च्या अखेरीस सुट्या टू-टी तेलाच्या विक्रीवर बंदी आली ती धुरामुळे. आपल्याकडे प्रश्न धुराचा नाही, बोटीतल्या माणसांचा आहे.

येथवर वाचून एखादा साथी म्हणेल की, हे तर कंपन्यांच्या विक्रेत्यांचेच बोलणे झाले. नाही. विक्रेता यापुढे एक पायरी जातो आणि सांगतो की, आमच्या इंजिनास आमच्याच नावाचे तेल हवे, नाही तर हमी रद्द. ही दुसरी लूट आहे. इंजिन बनविणाऱ्या कंपन्या सहसा स्वतः तेल गाळीत नाहीत. दुसऱ्याचे तेल आपल्या नावाच्या डब्यात भरून चढ्या भावाने विकतात. ज्या अमेरिकेचे गोडवे आपले उद्योगपती गातात, तेथेही 1975 च्या कायद्याने अशा अटीला मनाई केलेली आहे: ग्राहकास विकत घ्यावयास लावलेल्या विशिष्ट नावाच्या मालावर हमी अवलंबून ठेवता येत नाही. डब्यावर टीसी-डब्ल्यू 3 चे प्रमाणपत्र व त्याचा नोंदणी क्रमांक असेल, तर त्यांपैकी सर्वांत स्वस्त डबा निःशंकपणे घ्यावा. काटकसर नाव सोडण्यात आहे, प्रत सोडण्यात नाही.

हिशेबच करून पाहू. 25 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण गतीत तासाला सुमारे 10 लिटर पेट्रोल पिते. दहा तास बोट चालली तर 100 लिटर. 50 लिटरला 1 लिटर हे आजच्या बहुतेक इंजिनांचे प्रमाण धरले तर तेल लागले 2 लिटर. महाराष्ट्रात पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे पेट्रोलचाच खर्च दहा हजारांहून अधिक. समजा, योग्य तेल लिटरमागे तीनशे रुपयांनी महाग आहे. मग दिवसाचा फरक सहाशे रुपयांचा झाला. पाच दिवसांच्या पुरास तीन हजार. एवढ्या बचतीसाठी आपण लाखांच्या घरातील इंजिन आणि त्याहून मोलाचे जे बोटीत बसलेले आहे ते पणास लावतो. उद्यमनगरातले मिस्त्री काय वाटेल ते दुरुस्त करतात ही कोल्हापूरकरांची रास्त बढाई आहे, पण 2019 मध्ये शिरोलीपाशी महामार्गच पाण्याखाली गेला होता. इंजिन खांद्यावर घेऊन उद्यमनगरात जाणार कसे?

प्रमाणाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे "थोडे जास्तच ओता" ही वृत्ती आहे. जास्त तेलाने प्लग भिजतो व इंजिन गुदमरते. इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे प्रमाण असेल तेच, मापाने, ओतावे. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही तासांसाठी ते दुप्पटही सांगितलेले असते. ही पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि कचेरीतील कपाटात असते. तिचे एक पान मराठीत करून बोटीबरोबर देण्यास किती खर्च येईल? आणि इंजिनातून पाण्याची जी बारीक धार बाहेर पडते ती थांबली, गाळाने वा उसाच्या पाचटाने तोंड बुजले, तर कोणतेही तेल उपयोगी पडणार नाही, हेही त्याच पानावर असावे.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते. पुरात बुडणाऱ्या आपल्याच उसाचा रस अशा रीतीने बोटीच्या टाकीत परत येतो! इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे बसते, आणि त्या थरात तेल नसते. जूनमध्ये मिसळून ठेवलेले पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरले तर इंजिन कोरडे चालण्याचा धोका आहे. तेव्हा तेल सीलबंद डब्यात आधीपासून असावे आणि मिश्रण ऐन वेळी करावे. तेल आधीच का, तर 2019 च्या पुरात रस्ते तुटल्यावर जिल्ह्यात पेट्रोलचीच टंचाई झाली होती. तेथे विशिष्ट प्रतीचे तेल कोण आणून देणार?

याची जबाबदारी एकट्या गावावर टाकणे अन्यायाचे आहे. 2005 च्या कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण अस्तित्वात आले. बोटींच्या खरेदीबरोबर त्याच प्रतीच्या तेलाची एकत्र खरेदी त्याने करावी आणि निविदेत "टू-टी ऑईल" असे मोघम न लिहिता प्रत लिहावी. मोघम लिहिले की किमान दराच्या नियमाने मोटारसायकलचाच डबा येणार. 1974 साली एस्सोचे राष्ट्रीयीकरण झाले, 1976 साली बर्मा-शेलचे. त्यांतून उभ्या राहिलेल्या सार्वजनिक तेल कंपन्यांनी पूरप्रवण तालुक्यांतील निवडक पंपांवर मे महिन्यात हे तेल लहान डब्यांतून ठेवावे, ही मागणी अवास्तव नाही. केरळात 1984 साली स्थापन झालेली मत्स्यफेड ही सहकारी शिखर संस्था मच्छीमारांना इंजिने पुरविते. सहकाराचे माहेरघर म्हणविणाऱ्या जिल्ह्यास चार डझन डबे पुरविणे जड जाऊ नये.

ग्रामसभा 1 मे रोजी असते आणि पाऊस जूनमध्ये येतो. आपल्या साथींनी त्या सभेत ठराव मांडावा: तेलाची प्रत, पाच दिवस पुरेल इतका साठा, आणि तो कोणाच्या ताब्यात राहील त्याचे नाव. शिरोळच्या त्या तरुणाने बैठक संपल्यावर टीसी-डब्ल्यू 3 ही अक्षरे खडूने इंजिनाच्या झाकणावर लिहून घेतली. मोटारसायकलचा कॅन त्याने घरी नेला. त्याच्या फवारणीच्या पंपाला तेच तेल लागते.