आमच्या बाबांचं स्टार्टअप

‘स्टार्टअप’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काचेची केबिन, बीन बॅग आणि पंचविशीतला सीईओ? माझ्या डोळ्यांसमोर येतं बुलडाणा जिल्ह्यातलं मेहकर आणि तिथलं तहसीलसमोरचं बाबांचं दुकान. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि भिंतीवर गजानन महाराजांचं कॅलेंडर. अर्ज, प्रतिज्ञापत्र, वारसाची नोंद... काय हवं ते मराठीत टाइप करून मिळेल!

याच दुकानामुळे दोन वर्षं माझी पुण्यातली सकाळ एकाच वाक्याने सुरू व्हायची.

‘‘अवं पोरी, मराठी येऊनच नाही राहिलं!’’

भानगड अशी, की बाबांची बोटं तयार झाली रेमिंग्टनच्या मराठी टाइपरायटरवर. विंडोजबरोबर येणारे मराठी कीबोर्ड मात्र इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक पद्धतीचे. तिथे बाबांना ‘क’सुद्धा सापडत नाही. म्हणून टाइपरायटरसारखंच टाइप करू देणारं एक वेगळं सॉफ्टवेअर टाकून घेतलंय. ते खाली घड्याळाशेजारी चालू असेल तरच मराठी उमटतं, नाहीतर सगळी एबीसीडी. लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की ते आपलं आपण काही उठत नाही. आणि त्याला उठवायचं बाबांच्या लक्षात राहत नाही. पावसाळ्यात दिवसातून तीनदा लाइट गेली तर तीनदा फोन!

‘‘बाबा, डेस्कटॉपवर तो ‘म’ आहे ना, त्याच्यावर डबल क्लिक करा.’’ माझं उत्तर ठरलेलं. आधी प्रेमाने, मग घाईत, मग चक्क वैतागून.

एक दिवस मी फोन उचललाच नाही. मुलाखत चालू होती, मोबाइल सायलेंटवर. संध्याकाळी पाहिलं तर चार मिस्ड कॉल. खेड्यावरून एक आजोबा आले होते, सुनावणीची तारीख त्याच दिवसाची होती आणि स्क्रीनवर एबीसीडी. शेवटी बाबांनी दोन पानी अर्ज हाताने लिहून दिला. हल्ली त्यांचा हात थरथरतो, हे मला माहीत होतं. ‘‘झालं वं काम, तू नको काळजी करू,’’ एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं!

शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. सिंदखेडराजा गेलं तेव्हा जाग आली आणि दहाच्या आत मी दुकानात. काम किती वेळाचं होतं? दोन मिनिटांचं!

तुम्हालाही जमेल. विंडोजची खूण असलेलं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात इंग्रजीत ‘शेल’, मग कोलन, मग ‘स्टार्टअप’ असं मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर मारा. एक फोल्डर उघडेल, बहुतेक रिकामाच. जे सॉफ्टवेअर आपोआप सुरू व्हायला हवं, त्याचं डेस्कटॉपवरचं शॉर्टकट कॉपी करून इथे पेस्ट करा. संपलं! पासवर्ड टाकून आत गेलात, की ते हजर. नको झालं तर इथलं शॉर्टकट डिलीट करा, मूळ सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही. आणि ही काही नवी जादू नाही बरं का. 1992च्या विंडोज 3.1मध्येही ‘स्टार्टअप’ नावाचा गट होता. मला ते कळायला इतकी वर्षं लागली, एवढंच.

परत आल्यावर स्वतःच्या लॅपटॉपकडे नजर गेली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं, टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’चा भाग उघडला आणि बघते तर काय, अकरा पाहुणे! गाण्यांचं अ‍ॅप, मीटिंगची दोन अ‍ॅप्स, कधीकाळच्या प्रिंटरचं काहीतरी... कोण किती भार टाकतं, तेही समोर लिहिलेलं. नको त्यांच्यावर राइट क्लिक आणि ‘डिसेबल’. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका! तीनच ठेवले आणि लॅपटॉप पटकन उठायला लागला. बाबांच्या मशीनवर हवं ते एकही नव्हतं, माझ्यावर नको ते आठ. कारण दोघांनीही ते कधी ठरवलंच नव्हतं. इन्स्टॉल करताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटलो, की हे असं होतं.

सोमवारी बाबांचा फोन आला नाही. मंगळवारीही नाही. पहिल्यांदा हायसं वाटलं. बुधवारी साडेनऊला मात्र हातातला चहा गार झाला तरी लक्ष मोबाइलकडेच. शेवटी मीच लावला.

‘‘बाबा, मराठी येतंय ना?’’

‘‘येऊन राहिलं ना! चालू केल्याबरोबर ‘म’ उठून बसते. मंग तुले कामात कायले तरास द्यावा?’’

मग आईच्या गुडघ्याचं निघालं, सोयाबीनचं निघालं, शेजारच्या लग्नाचं निघालं. वीस मिनिटं! दोन वर्षांत ‘डबल क्लिक करा’च्या पुढे आम्ही बोललोच नव्हतो.

आता रोज साडेनऊला मी फोन करते. तो आपोआप लागत नाही. स्वतःच लावावा लागतो.