शिबिर उठलं, पुढे काय?

डिसेंबर-जानेवारीत सातारा-सांगलीकडच्या गावांत कॉलेजांची शिबिरं पडतात. समाजमंदिरात नाहीतर शाळेच्या एखाद्या खोलीत सतरंज्या पसरल्या जातात, वेशीवर ‘राष्ट्रीय सेवा योजना, विशेष श्रमसंस्कार शिबिर’ असा फलक लागतो आणि पोरंपोरी सात दिवस गावचीच होतात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी टिकाव-खोरं, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. आज्या पहिल्या दिवशी लांबून बघतात. मग एखादीला राहवत नाही. ती पदर खोचून पुढं येते आणि म्हणते, “पोरी, खोरं असं धरत न्हाईत. आण हिकडं.”

दिवसा हातानं काम आणि रात्री लोकांशी बोलणं, हा क्रम आपल्याकडं गाडगेबाबांनी घालून दिला. ते गावात शिरले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन रात्री. त्यांच्या नावाचं कॉलेज रयत शिक्षण संस्थेनं कराडला 1954 मध्ये काढलं. त्या रयतचा पायाच श्रमाचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात आणली. बोर्डिंगातली पोरं शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची, मग पुस्तक उघडायची. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं ते ‘कमवा आणि शिका’ हाच पाया धरून. त्या श्रमाला कुणी समाजसेवा म्हणत नव्हतं. आपल्या ताटातली भाकरी आपणच कमवायची, एवढंच गणित होतं. काम अर्धं राहिलं तर त्याचा चटका काम करणाऱ्यालाच बसायचा.

राष्ट्रीय सेवा योजना आली 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. सुरुवातीला 37 विद्यापीठं आणि सुमारे 40 हजार विद्यार्थी होते. दोन वर्षांत 240 तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर, की प्रमाणपत्र. आता नव्या शैक्षणिक धोरणात समाजात जाऊन केलेल्या कामाला श्रेयांकही मिळतात. हे चांगलंच झालं. पण या सगळ्या हिशेबात तास मोजले जातात ते विद्यार्थ्याचे. गावाच्या पदरात काय पडलं, याची वही कुणाकडं आहे?

आमच्या दोन जिल्ह्यांत कामाला तोटा नाही. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावला पाचशेचीही खात्री नसते. सांगलीतही जत-आटपाडी पावसाची वाट बघतात आणि त्याच वेळी कृष्णाकाठ पुराला भितो. शिवाजी विद्यापीठाच्या एकाच वर्गात पाटणचा आणि माणचा विद्यार्थी शेजारी बसतो. एकाला डोंगर कोसळण्याची धास्ती, दुसऱ्याला टँकरची.

पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा 2016 मध्ये झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होता आणि पहिलं बक्षीस त्याच तालुक्यातल्या वेळूनं मिळवलं. 2018 मध्ये माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. त्या वर्षी 1 मेच्या महाश्रमदानाला शहरांतून जलमित्र आले, त्यात कॉलेजची पोरंही होती. पाहुण्यांचं श्रमदान एका दिवसाचं, गावकऱ्यांनी मात्र स्पर्धेचे 45 दिवस घाम गाळला. गाव जिंकलं ते त्या 45 दिवसांनी. पाहुण्यांनी हुरूप दिला, आणि हुरूपही लागतोच.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट असताना कृष्णेनं 57 फूट ओलांडले. पाणी ओसरल्यावर घराघरात गाळ, कुजलेलं धान्य आणि भिजून फुगलेली पुस्तकं उरली. तिथं फावडं घेऊन उतरलेल्या पोरांचे तास कुणी मोजले नाहीत आणि त्यांनीही मागितले नाहीत. संकट समोर दिसलं की आपली पोरं कमी पडत नाहीत. कमी पडतं ते नंतरचं, कंटाळवाणं, फोटोत न येणारं काम.

उदाहरणार्थ, वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढ्याला आडवी भिंत घालायची. पुढच्या पावसाळ्यात ती वाहून जाणार हे ठरलेलंच असतं, म्हणून तो दरवर्षी नव्यानं घालावा लागतो. समतल चर गाळानं भरतात, ते उपसावे लागतात. शिबिराच्या समारोपाला डिसेंबरात लावलेल्या रोपाला उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? पुढच्या वर्षी मात्र कॉलेज दुसऱ्या गावाला निघतं आणि या गावाच्या वाट्याला फलकाचे खिळे राहतात.

तरी शिबिरं बंद करा म्हणणाऱ्यांतला मी नाही. घरून पहिल्यांदा सात दिवस बाहेर राहायची परवानगी कित्येक मुलींना या शिबिरामुळेच मिळते. पन्नास जणांचा भात शिजवताना जातीपातीचे चुलीपुढचे नियम आपोआप ढिले पडतात. हाताला फोड आले की रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईचा दिवस कसा असतो हे थोडं कळतं. ही कमाई खरीच आहे, पण ती कॉलेजची. गावाचं देणं अजून उरतं.

ते फेडायला मोठा निधी लागत नाही. योजनेत दत्तक गावाची सोय आहेच, ती कागदावरून मातीत आणावी. एक कॉलेज, एक गाव, किमान पाच वर्षं. पहिले दोन दिवस खोरं बाजूला ठेवून विहिरींची पातळी नोंदवावी, बायकांना विचारावं की पाणी कुठून आणता आणि किती वेळ जातो. झाडं जूनमध्ये लावावीत. कृष्णाकाठच्या गावांत मे महिन्यातच गल्लीवार यादी करावी : अंथरुणाला खिळलेले म्हातारे किती, गरोदर बाया किती, जनावरं किती, आणि पाणी चढलं तर कुणाला आधी हलवायचं. ही यादी पोरं चार दिवसांत करू शकतात आणि ती एखाद्याचा जीव वाचवू शकते.

प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. यंदाच्या शिबिराचा अहवाल लिहाल तेव्हा पहिल्या पानावर गेल्या वर्षीच्या कामाचं आज काय झालंय तेवढं लिहा. आणि गावकऱ्यांनो, ते पान सरपंचांकडून मागून घ्या, वाचा.