लग्नं हरली नाहीत

आंतरवांशिक विवाहांचा विषय निघाला की युगोस्लाव्हियाचा दाखला ठरलेला. ‘सर्ब, क्रोएट, मुस्लिम यांच्यात एवढा बेटीव्यवहार होता, तरी १९९२ साली एकमेकांच्या जिवावर उठलेच ना?’ ऐकायला बिनतोड, पण पोकळ.

मुळात ‘एवढा’ म्हणजे किती? युगोस्लाव्हियात मिश्र विवाहांचं प्रमाण वर्षानुवर्षं शेकडा बारा-तेराच्या आसपास घुटमळत राहिलं. बोस्नियाची राजधानी साराएव्होत ते बरंच जास्त होतं. त्याच साराएव्होला वेढा पडला, आणि भोवतालच्या टेकड्यांवरच्या तोफा काही मिश्र कुटुंबांच्या ताब्यात नव्हत्या. मे १९९३ मध्ये बोश्को ब्रकिच हा सर्ब तरुण आणि अदमिरा इस्मिच ही मुस्लिम तरुणी शहराबाहेर पडताना व्रबान्या पुलावर गोळ्या लागून मेले. प्रेतं कित्येक दिवस तिथंच पडून होती. जगानं त्यांना रोमिओ-ज्युलिएट म्हटलं. मला ते पटत नाही. इथं वैर घराण्यांचं नव्हतंच. गोळी झाडणाऱ्याचं अपयश या जोडप्याच्या माथी का मारायचं?

उलट बाजूची भीतीही तितकीच खोटी. म्हणे, अशा लग्नांत धाकटा समाज गिळला जातो. १९९१ च्या जनगणनेत बोस्नियातल्या साडेपाच टक्के लोकांनी स्वतःला ‘युगोस्लाव्ह’ म्हणवलं. मिश्र घरांतल्या अनेकांना हीच नोंद सोयीची होती. ते सर्बांत विरघळले नाहीत, क्रोएटांतही नाहीत. त्यांना संपवलं ते कागदानं. युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारातल्या राज्यघटनेनं बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब असे तीन ‘घटक समाज’ ठरवले. उरलेले सगळे ‘इतर’. अध्यक्षमंडळाच्या तीन जागा या तिघांच्याच. देर्वो सेय्दिच हे रोमा आणि याकोब फिंची हे ज्यू. दोघंही या अटीविरुद्ध २००९ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयात जिंकले. ‘मी फक्त नागरिक’ म्हणणाऱ्या आझ्रा झोर्निच २०१४ साली जिंकल्या. घटनेतली ती अट मात्र जागच्या जागी आहे.

आपल्याकडे जात मोडायला आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असं बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं, ते आपण उठसूट सांगतो. लोक अशी लग्नं का करत नाहीत, हा त्यांचा लगोलगचा प्रश्न मात्र गाळतो. त्यांचा रोख नवरा-नवरीवर नव्हता, भेदाला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांवर होता. बोस्नियात ते काम घटना करते. तिथं सर्ब बाप आणि बोस्नियाक आई असलेल्या मुलीला अध्यक्षमंडळाची निवडणूक लढवायची, तर आधी दोघांपैकी एकाला सोडावं लागतं.